काकांच्या खोक्यातल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या एलपी, आणि एक घरघर

रुळांजवळचा | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझ्या मावशीचे यजमान (आम्ही त्यांना काका म्हणायचो) मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मावशी दादरचं घर आवरून आमच्याकडे डोंबिवलीला आली. माळ्यावरून दोन खोकी निघाली. एकात पितळेची भांडी, दुसऱ्यात ४२ एलपी. सगळ्या विलायती वाद्यवृंदाच्या. मावशी म्हणाली, "प्रत्येक बंदरावर माणसं सेंट आणायची, हे तव्यांची थप्पी आणायचे." भांडी आईने घेतली, खोकं माझ्या वाट्याला आलं.

आत काय आहे याची थोडी कल्पना देतो. एल्गारचा चेलो कॉन्चेर्तो, चेलोवर जॅकलिन ड्यू प्रे, कंडक्टर बार्बिरोली. झुबीन मेहतांचं होल्स्टचं 'प्लॅनेट्स'. पिवळ्या लेबलची चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी, कंडक्टर म्राविन्स्की. कंडक्टर रायनरची 'शेहेराझाद', लेबलावर कुत्रा. पाचसहा रशियन तबकड्या, ज्यांच्यावरचं एक अक्षर वाचता येत नाही (ओडेसाहून आणल्या असाव्यात). आणि एका जाड अल्बममध्ये बेथोवनच्या पाचव्या सिंफनीचा ७८ आरपीएमचा (मिनिटाला ७८ फेरे) संच, त्यातली एक फुटलेली.

प्रश्न दोन. पहिला, हे ऐकायचं कसं? माझा कान भीमसेन आणि कुमारांवर पोसलेला आहे. सिंफनी लावली की दहा मिनिटांत आपण कुठे आलो तेच कळत नाही. सम येतच नाही हो! दुसरा, काकांचाच जुना गॅरार्डचा चेंजर (तबकड्या आपोआप बदलणारं यंत्र) आणि अ‍ॅम्प्लिफायर वापरतोय. संगीत हळू झालं की खालून एक बारीक घरघर ऐकू येते. तबकडी खराब की यंत्र?

---

बटाटेवडा | शनिवार, रात्री १०.५२

आयडी वाचल्यावर घरघर कुठून येते हा प्रश्न पडू नये. (हलके घ्या.)

---

रुळांजवळचा | शनिवार, रात्री १०.५८

घर रुळांपासून दीडशे पावलांवर आहे हे खरं. पण लोकलची घरघर मी झोपेतही ओळखतो, फास्ट की स्लो तेसुद्धा. ही वेगळी आहे.

---

चकतीबहाद्दर | शनिवार, रात्री ११.३५

आधी हात जोडून विनंती: नवी सुई बसेपर्यंत एकही तबकडी पुन्हा लावू नका. अकरा वर्षं पडून असलेल्या चेंजरवर कोणती सुई आहे, किती झिजली आहे, काही ठाऊक नाही. झिजलेल्या हिऱ्याला कडा येते आणि तो चर खरवडतो. ध्वनिमुद्रणातला वरच्या सुरांचा नाजूक भाग पहिल्याच फेरीत जातो आणि परत येत नाही. त्यात जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई धरणारा भाग) तबकडीवरचा भार पाचसहा ग्रॅम, आजच्या बऱ्या कार्ट्रिजचा दीड-दोन. फरक तुम्हीच बघा.

घरघरीची परीक्षा सोपी आहे. तबकडीच्या सुरुवातीला संगीत सुरू होण्याआधीचा जो मोकळा चर असतो तिथे सुई ठेवा आणि आवाज वाढवा. घरघर तिथेही असेल, चकतीबरोबर लयीत फिरत असेल, तर दोष यंत्राचा. तुमच्या गॅरार्डमध्ये मोटर आणि थाळी यांच्या मध्ये रबराचं चाक असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं की त्याला सपाट डाग पडतो आणि रबर दगड होतं. मोकळ्या चरात शांतता आणि संगीतातच घरघर असेल, तर गोष्ट तबकडीतली.

धुण्याबद्दल कुणीतरी विचारेलच. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर, चराच्या दिशेने गोल गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. लेबल भिजू देऊ नका. एलपी विनाइलच्या असतात, त्यांना थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ७८च्या तबकड्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. पॉलिशवाल्या सुताराला विचारा.

---

बटाटेवडा | शनिवार, रात्री ११.४१

पांढऱ्या सुतारी गोंदाचा थर देऊन वाळल्यावर सालासारखा सोलायचा, म्हणजे सगळी घाण निघते, असा व्हिडिओ पाहिला होता. करून बघू का?

---

चकतीबहाद्दर | शनिवार, रात्री ११.४४

विनाइलवर लोक करतात, निघतेही. पण कोपऱ्यात एक तुकडा अडकला की चिमटा घेऊन बसावं लागतं. पहिला प्रयोग स्वतःच्या नावडत्या तबकडीवर करावा.

---

थेम्सकाठ | रविवार, पहाटे ३.१०

घरघरीबद्दल आणखी एक शक्यता. एल्गारच्या तबकडीचा क्रमांक एएसडी ६५५ आहे ना? ते मुद्रण १९ ऑगस्ट १९६५ला लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये झालं. हा हॉल मुळात मेथडिस्ट चर्चवाल्यांचा. जमीन उतरती, बाहेर रहदारी, गरम होण्याची सोय यथातथा. पण वाद्यवृंदाचा आवाज तिथे असा खुलायचा की डेक्का आणि ईएमआय या दोन्ही स्पर्धक कंपन्या तारखांसाठी भांडायच्या. भानगड एकच, खालून पिकॅडिली लाइनची भुयारी गाडी जायची. मायक्रोफोन इतके चांगले की गाडीही टेपवर उतरायची. किंग्जवेच्या कितीतरी तबकड्यांवर शांत जागी ती जाताना ऐकू येते. आता तो हॉल नाही, १९९८मध्ये पाडला. त्या जागी हॉटेल आहे. मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो. दिसण्यासारखं काही नाही. खाली गाडी मात्र अजून जाते.

म्हणून तुमची घरघर चकतीबरोबर फिरणारी आहे, की येऊन जाणारी, ते सांगा.

---

सुरपेटी | रविवार, सकाळी ८.१५

वाचनखूण साठवली. म्हणजे डोंबिवलीत बसून लंडनची लोकल ऐकायची सोय!

---

शून्यएक | रविवार, सकाळी ९.०२

कुणी सांगत नाहीये म्हणून मी सांगतो. एलपीवर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आवाज यांतलं अंतर मोठ्या मुश्किलीने ६० ते ७० डेसिबल, सीडीवर ९६. वाद्यवृंद म्हणजे एका बासरीपासून शंभर वादकांच्या गडगडाटापर्यंतचा पल्ला. नेमकं हेच संगीत एलपीला सर्वांत कमी झेपतं. वर खरखर, टकटक, घरघर. ड्यू प्रेचं हेच मुद्रण मूळ टेपवरून डिजिटल झालेलं आहे, निवांत ऐका. जुन्या तबकड्यांचं कौतुक हे बरंचसं स्मरणरंजन आहे.

---

चकतीबहाद्दर | रविवार, दुपारी १२.२०

शून्यएक, आकडे बरोबर आहेत, भांडत नाही. आणखी एक दारूगोळा मीच देतो. चकती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर चर सरकतो आणि लेबलापाशी जेमतेम २१. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. आणि सिंफनीकार काय करतात? सगळी तुताऱ्या-नगाऱ्यांची धमाल शेवटाला ठेवतात! म्हणजे सर्वांत मोठा आवाज सर्वांत अडचणीच्या जागी. रावेलचा 'बोलेरो' तर सुरू होतो कुजबुजत आणि संपतो आरडाओरड्यात. जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीने तो अक्षरशः उलटा कापला, सुई आतून बाहेर जाते.

पण या तबकड्या ऐकण्याचं कारण विनाइल हे माध्यम नाहीच, असं माझं मत. कारण आहे त्या दहा-बारा वर्षांची मुद्रण करायची पद्धत. १९५४ ते साधारण १९६५. टेप नुकती आली होती, स्टीरिओ नुकता आला होता, आणि चॅनेल मोजकेच होते. त्यामुळे तंत्रज्ञाला एकच काम उरायचं: चांगला हॉल शोधा, माइक कुठे टांगायचा ते ठरवा, मग हात मागे. रायनर आणि शिकागो सिंफनीचं रिचर्ड श्ट्राउसचं 'झरथुष्ट्र' ८ मार्च १९५४चं. तेव्हा घरी वाजवायला स्टीरिओ एलपी अस्तित्वातच नव्हती, ती आली १९५८ला! मर्क्युरी कंपनीवाल्यांनी त्याच शिकागोत १९५१ला कंडक्टर कुबेलिकबरोबर अख्खा वाद्यवृंद एका माइकवर घेतला. एका टीकाकाराने लिहिलं की वाद्यवृंद जिवंत समोर असल्यासारखा वाटतो. कंपनीने ते शब्द उचलून मालिकेचं नावच 'लिव्हिंग प्रेझेन्स' ठेवलं. डेक्काचे तीन माइक, इंग्रजी टी अक्षरासारख्या दांडीवर, कंडक्टरच्या डोक्याच्या वर. त्याला 'डेक्का ट्री' म्हणतात आणि सिनेमाच्या पार्श्वसंगीतासाठी ते झाड आजही उभं करतात. त्या कंपनीचं तंत्र आलं तेही युद्धातून. पाणबुडी आपली की जर्मन हे आवाजावरून ओळखायला शिकवणाऱ्या तबकड्या आर्थर हॅडीच्या टोळीने बनवल्या. त्यातून जी पूर्ण पल्ल्याची मुद्रणपद्धत निघाली तीच लेबलावरची 'एफएफआरआर'.

नंतर सोळा-चोवीस ट्रॅक आले, प्रत्येक वाद्याच्या तोंडाशी माइक आला, आणि वादक एकमेकांशी बोलतायत की इंजिनियर त्यांना जुळवतोय, कळेनासं झालं. तीन माइकवर हॉलपण येतो. भिंती येतात. खुर्ची करकरली तर तीही.

ते सगळं सीडीवरही येतं, मान्य. फक्त रुळांजवळचाकडे सीडी नाही, काकांचं खोकं आहे.

---

शून्यएक | रविवार, दुपारी १२.३१

हे पटलं. माध्यमाचं नाही, माइकचं कौतुक. माघार नाही, पण चहा पाजतो.

---

सुरपेटी | रविवार, दुपारी २.४०

त्या ७८च्या संचाबद्दल. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चारसाडेचार मिनिटं मावायची. बेथोवनची पाचवी म्हणजे आठ बाजू. आर्थर निकिश आणि बर्लिन फिलहार्मोनिकने १९१३ला ती केली तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. भोंग्यासमोर दाटीवाटीने बसायचं. व्हायोलिनचा आवाज पोचत नाही म्हणून त्यालाही पत्र्याचा कर्णा लावलेला असायचा, आणि डबल बेसच्या जागी बऱ्याचदा ट्यूबा. विजेवरचं मुद्रण आलं १९२५ला.

आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांत राग उभा केला, आणि तो तेवढाच पूर्ण वाटतो. तबकडीच्या मापाने गाणं घडवता आलं. सिंफनी तशी कापता येत नाही. ऐन भरात आली की उठा, तबकडी बदला. १९४८ला एलपी आली तेव्हा तिकडच्या मंडळींनी दिवाळी साजरी केली असेल.

आणि हो, ती लाख आपलीच, छोटा नागपूरच्या जंगलातली. पळसा-कुसुमावरच्या किड्यांनी बेथोवनला आधार दिला म्हणायचं.

---

जुनाबाजार | रविवार, दुपारी ३.०५

विकायच्या आहेत का? एकरकमी घेतो. ४२ x १००.

---

चकतीबहाद्दर | रविवार, दुपारी ३.१२

वा! रायनरच्या तबकडीवर कुत्र्यामागे सावली असलेलं लेबल असेल तर एवढे पैसे तिच्या पाकिटाला मिळतील. रुळांजवळचा, काही विकू नका, निदान ऐकेपर्यंत.

तसा मी पहिल्या छपाईच्या वेडाच्या विरुद्धच आहे. व्हायोलिनवादक कोगनची बेथोवन कॉन्चेर्तो, कोलंबियाची एसएएक्स २३८६ क्रमांकाची, हजारो पौंडांना जाते. घेणारे ती लावतात का, देव जाणे. आमच्या घरी दमदमला छापलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या होत्या. विलायतेहून साचे यायचे, कलकत्त्याला छपाई व्हायची. पाकीट जरा पातळ, कधी खरखर जास्त. पण संगीताची पहिली ओळख त्यांच्यावरच झाली, आणि त्यांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही.

गंमत म्हणून एक बघा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. कोरलेला क्रमांक घड्याळातल्या सहाच्या जागी धरा. मग तीनच्या जागी जे अक्षर येईल तो साच्याचा क्रमांक. डेक्काने त्यासाठी 'बकिंगहॅम' शब्दाची दहा इंग्रजी अक्षरं वापरली: बी म्हणजे १, यू २, सी ३, के ४, असं करत एम म्हणजे शून्य. ईएमआयचा शब्द 'ग्रामोफ-एलटीडी', जी म्हणजे १, आर २, शेवटचा डी शून्य. कंपनीच्या नावातच आकडे लपवले.

---

रुळांजवळचा | रविवार, संध्याकाळी ७.५०

भिंग घेऊन बसलो. 'प्लॅनेट्स'वर तीनच्या जागी यू आणि के. म्हणजे २४वा साचा? आई विचारतेय, सोनं शोधतोयस का.

आणि त्या रशियन तबकड्या?

---

चकतीबहाद्दर | रविवार, रात्री ८.०५

२४वा, बरोबर.

रशियन म्हणजे मेलोडिया. वाचता येत नसलं तरी लेबलावर ५२८९ आणि पुढे डॅश देऊन दोन आकडे शोधा. तो तिथल्या सरकारी मानकाचा क्रमांक. -६८ असेल तर तबकडी १९६८नंतरची, -७३ असेल तर १९७३नंतरची. छपाई कधी सुरेख, कधी रामभरोसे. वादन मात्र काय विचारता.

---

फोर्टची_आजी | रविवार, रात्री ९.२५

हा धागा नातीने दाखवला. तुमचा पहिला प्रश्न सगळे विसरले, यंत्रातच रमले. पुरुषमंडळी!

मी फोर्टमध्ये बँकेत होते, ३४ वर्षं. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर उरकून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या तबकड्यांच्या दुकानात जायचे. तिथे काचेच्या खोल्या होत्या, तबकडी घेण्याआधी आत बसून ऐकता यायची. दर वेळी विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण कुणी हाकललं नाही. २०१६ला ते बंद झालं त्या आठवड्यात मी मुद्दाम जाऊन आले.

मला कुणी शिकवलं नाही. मी एकच केलं. एका आठवड्याला एकच बाजू. वीस-बावीस मिनिटं. रोज तीच. तिसऱ्या दिवशी एखादी जागा ओळखीची होते, पाचव्या दिवशी तिची वाट बघायला लागता. सम नाही म्हणता ना? ही वाट बघणं हीच सम धरा. इथे ती दर आवर्तनाला येत नाही, उशिरा येते, आणि आल्यावर कळतं की इतका वेळ सगळे तिकडेच निघाले होते. बाजू संपली की उठा, सुई उचला, पुरे. दुसरी बाजू पुढच्या आठवड्यात. फोनवर हे होत नाही, पुढचं आपोआप सुरू होतं. मला तबकडीचं उठावं लागणंच आवडतं. गुडघे आता तक्रार करतात ते सोडा.

सुरुवात 'प्लॅनेट्स'ने करा. झुबीन आपल्या मुंबईचाच, १९३६चा जन्म. त्याच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, १९३५ला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. म्हणजे मुलगा सिंफनीतच जन्मला. लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद हाती आला तेव्हा वय २६. ही तबकडी १९७१ची, तिथल्या विद्यापीठातल्या रॉइस हॉलमधली. पहिला 'मार्स' लावा आणि बोटांवर मोजा. पाच येतात का बघा.

---

सुरपेटी | रविवार, रात्री ९.५०

आजी, दंडवत. 'मार्स' पाचाचाच. आणि तो तीन-दोन असा चालतो, म्हणजे आपला अर्धा झपताल उलटा घातल्यासारखा. सुरुवातीला तंतुवाद्यांचे लोक गजाची लाकडी पाठ तारांवर आपटतात, त्याचा तो सुका टकटकाट. अवांतर: या होल्स्टने स्वतः संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत दिलंय. ग्रहांवर लिहायला बसला तोही ज्योतिषाच्या नादातून.

---

रुळांजवळचा | बुधवार, रात्री ११.१५

अपडेट देतो. नवं कार्ट्रिज बसवलं. मोकळ्या चराची परीक्षा केली: घरघर होती, चकतीबरोबर फिरत होती. चकतीबहाद्दर म्हणाले तेच, रबरी चाकावर सपाट डाग. डोंबिवलीतल्या एका काकांनी (टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आता मिक्सर करतात) चाकाला नवं रबर चढवून घासून दिलं आणि बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडलं. मजुरी घेईनात. म्हणाले, "एक बाजू ऐकव." ऐकवली.

'मार्स' चार दिवस रोज. पाच मोजता मोजता तिसऱ्या दिवशी मोजायचं विसरलो. शेवटच्या 'नेपच्यून'मध्ये बायकांचा आवाज कुठून येतो? आणि कुठे जातो?

---

फोर्टची_आजी | गुरुवार, सकाळी ७.३०

त्या रंगमंचावर नसतातच. शेजारच्या खोलीत गातात आणि शेवटी त्या खोलीचं दार हळूहळू लावून घेतात. होल्स्टने तसं लिहूनच ठेवलंय. तबकडीवर आवाज खरखरीत विरतो आणि कधी संपला ते कळत नाही. ही एक जागा शून्यएकांच्या सीडीपेक्षा मला तबकडीवर बरी वाटते.

---

दुसरा_व्हायोलिन | गुरुवार, रात्री १०.०५

देव बरें करूं. मी पणजीचा. एक गोष्ट सांगतो, लांबेल.

आमच्या वाड्यावर एक पाद्रूच्या शाळेत शिकलेले आजोबा होते. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवायचे. त्यातलीच बरीच मंडळी मुंबईला गेली. दिवसा सिनेमाचे स्टुडिओ, संध्याकाळी सिंफनीच्या तालमी. सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरावट हिंदी गाण्यात आणली तेव्हा ती वाजवणाऱ्यांना नव्याने शिकवायची गरज पडली नसेल. हे आजोबा आयुष्यभर दुसऱ्या व्हायोलिनांत बसले. पहिले व्हायोलिन चाल वाजवतात, दुसरे बहुतेक वेळा तिच्याखालचं भरण. मी लहानपणी त्यांच्याकडे तबकड्या ऐकायला जायचो. एकदा विचारलं, तुम्हाला यातली कुठली चाल आवडते? म्हणाले, "चाल म्हाका आयकूंकच येना. हांव मदली वळ आयकतां." (चाल मला ऐकूच येत नाही, मी मधली ओळ ऐकतो.)

त्यांची लाडकी तबकडी कंडक्टर क्लेंपररची. का, ते नंतर कळलं. विसाव्या शतकात बहुतेक कंडक्टरांनी पहिले-दुसरे व्हायोलिन दोन्ही डावीकडे आणून बसवले. क्लेंपररने जुनी पद्धत सोडली नाही: पहिले डावीकडे, दुसरे उजवीकडे, समोरासमोर. मोनोत हा फरक कळायचा नाही. स्टीरिओ तबकडी आली आणि आजोबांची ओळ पहिल्यांदा उजव्या स्पीकरमधून वेगळी ऐकू आली. ते खुर्ची उचलून उजव्या स्पीकरजवळ नेऊन बसायचे.

आता तुमच्या पिवळ्या तबकडीकडे या. लेनिनग्राडचा म्राविन्स्कीही त्याच जुन्या पद्धतीने बसवायचा. तुमची सहावी १९६०ची असणार. युरोपच्या दौऱ्यावर असताना व्हिएन्नात मुद्रित झालेली, स्टीरिओ. तिचा शेवटचा भाग लावा, एकदम सुरुवात. ती उतरत जाणारी, उसासा टाकल्यासारखी ओळ कुणीच वाजवत नाही. चायकोव्हस्कीने तिचे सूर आळीपाळीने वाटलेत: एक सूर पहिल्यांना, पुढचा दुसऱ्यांना, पुन्हा पहिल्यांना. दोघांच्याही कागदावर वेड्यावाकड्या उड्या आहेत, चाल नाही. ती हवेत जुळते. अ‍ॅम्प्लिफायरला बॅलन्सची कळ असेल तर एकदा पूर्ण डावीकडे फिरवा, एकदा उजवीकडे. मग मध्ये आणा.

---

बटाटेवडा | गुरुवार, रात्री १०.१९

इथे मी विनोद करायला आलो होतो. गप्प बसतो.

---

शून्यएक | गुरुवार, रात्री १०.४०

आत्ता हेडफोन लावून करून पाहिलं. डावीकडे अर्धी ओळ, उजवीकडे अर्धी. वीस वर्षं ऐकतोय ही सिंफनी, हे माहीत नव्हतं. (हो, डिजिटलवर.)

---

चकतीबहाद्दर | शुक्रवार, सकाळी १०.१०

दुसरा_व्हायोलिन, सलाम. पुरवणी जोडतो: तोच भाग पुढे पुन्हा येतो तेव्हा चायकोव्हस्की ती ओळ अख्खी पहिल्या व्हायोलिनांना देतो. म्हणजे आधी फोडलेली, मग सांधलेली. आणि मी वर रडगाणं गायलो त्या आतल्या चरांचंही इथे जमून जातं. साधारणपणे या सिंफनीच्या एलपीवर दणदणीत तिसरा भाग दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, बाहेरच्या ऐसपैस चरात येतो. शेवट लेबलापाशी येतो तेव्हा उरतात फक्त चेलो आणि बेस, अगदी पुटपुटत. सहावीचा पहिला प्रयोग १८९३चा, चायकोव्हस्कीच्या हाताखाली. त्यानंतर नऊ दिवसांत तो गेला. एलपी यायला ५५ वर्षं होती, पण तिच्यासाठीच बेतल्यासारखी बसते.

---

रुळांजवळचा | रविवार, रात्री १.२०

झोप येत नाही, लिहूनच टाकतो.

रात्री जेवणं झाल्यावर पिवळी तबकडी लावली. मावशी बाहेर येऊन बसली. बॅलन्सची कळ डावीकडे फिरवली. ओळ मोडली. पूर्ण नाहीशी होत नाही, पलीकडचे थोडे पाझरतातच, पण दात पडलेल्या माणसासारखी वाटते. उजवीकडे, तसंच. मध्ये आणली आणि ती जुळली. तीनदा केलं. मावशी म्हणाली, "हे पण सारखी ती कळ फिरवायचे. मला वाटायचं बिघडलीय." त्यांना हे कुणी सांगितलं असेल?

दुसऱ्यांदा लावली तेव्हा मावशीने स्टूल उजव्या स्पीकरपाशी ओढून घेतलं. मी काही म्हणालो नाही.

ती झोपायला गेल्यावर एल्गार काढला. बारा वाजून गेले होते. यंत्राची घरघर आता नाही, मोकळा चर स्वच्छ. संथ भाग सुरू झाला. आणि थेम्सकाठ, एका शांत जागी खालून काहीतरी आलं. फिरणारं नाही, येऊन जाणारं. चारपाच सेकंद असेल. सुई उचलली, खिडकी उघडली. कर्जत जात होती.

खिडकी लावली, सुई पुन्हा त्याच जागी ठेवली. ती जागा आली. रुळांवर काही नव्हतं. आवाज होता.

---

थेम्सकाठ | रविवार, रात्री १.३५

फास्ट की स्लो?